एका इंग्रजी क्रियापदाची कुळकथा

इंग्रजी शिकूं लागलेल्या माणसाला प्रथम मोठ्या शब्दांची धास्ती वाटते. परंतु थोडा सराव झाल्यावर त्याच्या ध्यानांत येतें कीं, मोठे शब्द हे बहुधा सरळमार्गी असतात. एखादा लांबलचक लॅटिन शब्द एकदां कोशांत पाहिला म्हणजे त्याचा अर्थ कळतो आणि तो अर्थ पुढें सहसा दगा देत नाहीं. दगा देतात ते लहान शब्द. पहिल्या इयत्तेच्या पुस्तकांत भेटणारे, ज्यांचा अर्थ विचारण्याचीहि कोणाला लाज वाटावी असे हे शब्द, पदवी घेऊन बाहेर पडलेल्या विद्वानालाहि ऐन प्रसंगीं अडवून धरतात.

‘सेट’ हें असेंच एक तीन अक्षरांचें इंग्रजी क्रियापद आहे. सूर्य मावळतो तेव्हां तो ‘सेट’ होतो. वैद्य मोडलेलें हाड ‘सेट’ करतो, परीक्षक प्रश्नपत्रिका ‘सेट’ करतो, जवाहिरा हिरा कोंदणांत ‘सेट’ करतो. गवंड्याचा गिलावा ‘सेट’ होतो, घड्याळ ‘सेट’ केलें जातें, पाहुण्यांसाठीं टेबल ‘सेट’ होतें, आणि मुसाफर प्रवासास निघाला म्हणजे तोहि ‘सेट आउट’ होतो. मावळणें, जुळविणें, नेमून देणें, घट्ट होणें, मांडणें आणि निघणें या इतक्या भिन्न क्रियांना एकच शब्द कां पुरावा? हा एक शब्द आहे कीं एकाच नांवानें वावरणारे शेंकडों शब्द आहेत? हा प्रश्न वरवर पाहतां व्याकरणाचा वाटतो. परंतु इंग्लंडांतील कोशकारांची दोन-अडीचशें वर्षांची तपश्चर्या त्याच्याशीं निगडित आहे, आणि त्याचें मूळ शोधतांना वाट थेट संस्कृतापर्यंत जाऊन पोंचते.

कुळाचा शोध घ्यावयाचा तर आधीं घरांतील नातीं पाहिलीं पाहिजेत. इंग्रजींत ‘सिट’ म्हणजे बसणें, आणि ‘सेट’ म्हणजे मूळचें बसविणें. एक क्रिया आपोआप होणारी, दुसरी दुसऱ्याकडून करविलेली. व्याकरणकार दुसरीला प्रयोजक क्रियापद म्हणतात. मराठींत पडणें आणि पाडणें, पिणें आणि पाजणें, मरणें आणि मारणें अशा जोड्या घरोघर चालू आहेत. इंग्रजींतहि एके काळीं त्या भरपूर होत्या. ‘फॉल’ म्हणजे पडणें, तर ‘फेल’ म्हणजे झाड पाडणें. ‘ड्रिंक’ म्हणजे पिणें, तर ‘ड्रेंच’ म्हणजे पूर्वीं पाजणें. आज ‘ड्रेंच’चा अर्थ चिंब भिजविणें असा झाला आहे, आणि या जोडीचें नातें खुद्द इंग्रजांच्याहि ध्यानीं राहिलेलें नाहीं. ‘सिट’ आणि ‘सेट’ ही त्याच जुन्या घडणीची जोडी होय.

हजार-बाराशें वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत, म्हणजे आंग्लसाक्सन भाषेंत, या क्रियापदाचें रूप ‘सेत्तन’ असें होतें. त्याहूनहि जुनी साक्ष गॉथिक भाषेची आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकांत बिशप वुल्फिला यानें बायबलाचें गॉथिक भाषांतर केलें, आणि त्या भाषेंत ‘सत्यन’ हें रूप सांपडतें. या रूपांतील ‘य’कारामुळें मागचा ‘अ’ पुढें ‘ए’ झाला, नंतर ‘य’ स्वतः लोपला, आणि इंग्रजीच्या वांट्यास ‘सेट’ हा उच्चार आला. मूळ कारण नाहींसें झालें, परंतु त्याची खूण स्वरावर राहून गेली. भाषेच्या इतिहासांत असे प्रकार पदोपदीं आढळतात.

‘सत्यन’ हें रूप पाहतांच संस्कृत जाणणाऱ्याला ‘सादयति’ आठवल्याशिवाय राहत नाहीं. सद् या धातूचा अर्थ बसणें; सीदति म्हणजे बसतो, आणि सादयति म्हणजे बसवितो. हें साम्य योगायोगाचें नाहीं. १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें दिलेल्या व्याख्यानांत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतांतून निघाल्या असाव्यात असा विचार मांडला, आणि गॉथिक भाषेचाहि त्याच कुळाशीं संबंध असावा असें सुचविलें. पुढें डेन्मार्कचा रास्क यानें १८१८ साली आणि जर्मनीचा याकोब ग्रिम यानें १८२२ साली या भाषांतील व्यंजनांचे नियमित बदल दाखवून दिले. संस्कृत-लॅटिनांत जेथें ‘द’ आहे तेथें जर्मानिक शाखेंत ‘त’ आढळतो, हा त्यांतलाच एक नियम. संस्कृत ‘दश’ आणि इंग्रजी ‘टेन’, संस्कृत ‘द्वि’ आणि इंग्रजी ‘टू’ यांचें जें नातें, तेंच ‘सद्’ आणि ‘सेट’ यांचें.

एकदां हा धागा हातीं लागला म्हणजे दूरदूरचे आप्त ओळखीचे वाटूं लागतात. परिषद्, संसद, सदन आणि उपनिषद् हे शब्द ज्या धातूपासून निघाले, त्याच धातूच्या युरोपांतील वंशांत इंग्रजीचे आसनवाचक ‘सीट’ आणि खोगीरवाचक ‘सॅडल’ हे शब्द येतात. लॅटिनांतून आलेला ‘सेशन’हि त्यांचा भाऊबंद होय. यांत सर्वांत मनोहर जोडी घरट्याची आहे. संस्कृत ‘नीड’ आणि इंग्रजी ‘नेस्ट’ हे दोन्ही शब्द ‘नि’ हा उपसर्ग आणि ‘सद्’ हा धातु यांच्या संयोगापासून झाले. पांखरूं जेथें खालीं येऊन बसतें तें घरटें, ही कल्पना या दोन्ही शब्दांच्या पोटांत सारखीच आहे.

आतां मूळ अर्थ बसविणें हा निश्चित झाल्यावर पुढील पसारा कसा वाढला तें पाहतां येतें. मराठी माणसाला हें समजणें विशेष सोपें आहे. कारण मराठींतील ‘बसविणें’ हें क्रियापद ‘सेट’च्या पावलावर पाऊल टाकून चालत आल्यासारखें दिसतें. हाडवैद्य हाड बसवितो. सोनार अंगठींत खडा बसवितो. सरकार कर बसवितें, मंडळी नाटक बसवितात, गणपति बसतात, कारभाराची घडी बसते, आणि एखाद्याचें मन अभ्यासांत बसत नाहीं. इंग्रजींत यांपैकीं हाड, खडा आणि मन या ठिकाणीं ‘सेट’ हेंच क्रियापद येतें. नाटकाच्या रंगभूमीवरील देखाव्यालाहि ‘सेट’ म्हणतात. मात्र मराठी ‘बसणें’ हा शब्द सद् धातूपासून आलेला नाहीं. तो ‘उपविश्’ पासून ‘बैसणें’ या रूपानें आला. म्हणजे हे अर्थ दोन्ही भाषांना एका पूर्वजाकडून वारसाहक्कानें मिळालेले नाहींत. दोन वेगवेगळ्या धातूंपासून निघालेले दोन शब्द, हजारों कोसांच्या अंतरावर, एकाच वाटेनें गेले; कारण वस्तु आपल्या जागीं नीट बसली पाहिजे ही गरज लंडनच्या सोनाराची आणि पुण्याच्या सोनाराची सारखीच होती.

यावरून ‘सेट’च्या अर्थविस्ताराचें पहिलें रहस्य उकलतें. हे अर्थ पंडितांनीं निर्माण केले नाहींत, कारागिरांनीं केले. सुतार करवतीचे दात एकाआड एक डावीकडे व उजवीकडे किंचित् वांकवितो, त्याला तो ‘सेट’ करणें म्हणतो. माळी रोप जमिनींत ‘सेट’ करतो. १४७६ साली विल्यम कॅक्स्टन यानें लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला, आणि त्या नव्या धंद्यांत खिळे जुळविण्याच्या कामालाहि कालांतरानें हाच जुना शब्द लाभला. नवें हत्यार आलें, नवा धंदा निघाला, कीं कामकरी माणूस नवा शब्द घडवीत बसत नाहीं. हाताशीं असलेल्या शब्दालाच तो कामाला लावतो.

हातानें वस्तु बसविण्यावरून मनानें गोष्ट ठरविण्यापर्यंतचा टप्पा फार लांबचा नाहीं. दिवस ठरविणें, किंमत ठरविणें, मर्यादा घालणें या सर्वांना ‘सेट’ चालतें. हा टप्पाहि जुनाच आहे. आंग्लसाक्सन काळांत ‘गेसेत्नेस’ म्हणजे कायदा किंवा घालून दिलेला नियम असा शब्द रूढ होता. जें बसविलें तें हलूं नये, ही अपेक्षा त्यांत गृहीत धरलेली आहे. पुढें याच अपेक्षेनें आणखी एक अर्थ जन्मास घातला. जागेवर बसलेली वस्तु स्थिर होते, आणि स्थिर झालेली वस्तु घट्ट होते. म्हणून गिलावा सुकून कठीण झाला किंवा मुरंबा आळून आला, तरी तो ‘सेट’ झाला. येथें क्रियापद सकर्मकाचें अकर्मक झालें. बसविणारा हात दृष्टीआड झाला आणि वस्तु जणूं आपण होऊनच बसूं लागली.

सूर्याच्या ‘सेट’ होण्याची गोष्ट मात्र निराळी आणि अधिक जुनी आहे. आंग्लसाक्सन लोक सूर्यास्ताला ‘सेत्लगांग’ म्हणत. ‘सेत्ल’ म्हणजे आसन, आणि ‘गांग’ म्हणजे गमन. दिवसभर आकाशांत हिंडून सूर्य सायंकाळीं आपल्या आसनावर जाऊन विसावतो, अशी ती कल्पना होती. पुढें मध्ययुगीन इंग्रजींत ‘सेट’ हें क्रियापदच सूर्याच्या मावळण्याला लागूं झालें. याला संस्कृतांत एक सुंदर जोड आहे. ‘अस्त’ या शब्दाचा आज आपल्याला मावळणें एवढाच अर्थ माहीत आहे. परंतु ऋग्वेदाच्या भाषेंत ‘अस्त’ म्हणजे घर. सूर्य अस्तास गेला याचा मूळ अर्थ सूर्य घरीं गेला असा होतो. उत्तर समुद्राच्या कांठचे लोक त्याला आसनावर बसवीत आणि सप्तसिंधूच्या कांठचे लोक त्याला घरीं पोंचवीत. दिवसभर राबलेल्या माणसाला जें हवें असतें तेंच दोघांनींहि सूर्याला देऊं केलें.

परंतु बसविण्याचा शब्द निघण्याला कसा लागला? येथें तर अर्थ उलटलाच! खलाशी प्रवासाला निघतांना शीड उभारून वाऱ्याला लावतो. योद्धा तोंड शत्रूच्या दिशेस करतो. वाटसरू पाऊल वाटेवर ठेवतो. या सर्व ठिकाणीं कांहींतरी कोठेंतरी ठेवलेंच जातें. पुढें माणूस स्वतःलाच वाटेवर ‘सेट’ करूं लागला, आणि बोलतां बोलतां ‘स्वतःला’ हा शब्द गळून पडला. उरलें तें नुसतें ‘सेट आउट’, म्हणजे निघणें. मराठींत दुसऱ्या क्रियापदानें हीच वाट चोखाळली आहे. वाटेला लावणें यावरून वाटेला लागणें झालें, आणि ‘कामाला लागला’, ‘प्रवासाला लागला’ असें म्हणतांना कोणी कोणाला लावलें याची चौकशी कोणी करीत नाहीं. अर्थ उलटल्यासारखा दिसला तरी मधल्या पायऱ्या एकेक करून तपासल्या म्हणजे कोठेंहि उडी मारलेली आढळत नाहीं.

‘सिट’ आणि ‘सेट’ या दोन भावंडांची सीमाहि नेहमींच स्पष्ट राहिली असें नाहीं. बोलीभाषेंत शतकानुशतकें लोक बसण्यालाहि ‘सेट’ म्हणत आले. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीविषयीं खेडुतांच्या तोंडीं तोच शब्द असे. ‘सेटर’ हें शिकारी कुत्र्याच्या एका जातीचें नांवहि येथूनच आलें. शिकारीचा वास लागतांच हा कुत्रा जमिनीसरसा दबून स्तब्ध बसतो. डॉक्टर जॉन केअस यानें १५७० साली इंग्लंडांतील कुत्र्यांवर लॅटिनांत लिहिलेल्या छोट्या ग्रंथांत या कुत्र्याचें वर्णन आहे. नंतरच्या काळांतील शाळामास्तरांनीं मात्र बसण्याला ‘सेट’ म्हणणें हें अडाणीपणाचें लक्षण ठरविलें. चूक कोणती आणि रूढि कोणती, याचा निवाडा व्याकरणापेक्षां बोलणाऱ्याच्या सामाजिक दर्जावरून अधिक होत असे. ज्या कष्टकरी लोकांनीं या शब्दाला निम्मेअधिक अर्थ दिले, त्यांच्याच तोंडचा एक प्रयोग अशुद्ध म्हणून वाळींत पडला.

या कुळांत एक दत्तक मुलगाहि आहे. चहाच्या भांड्यांचा सेट, पुस्तकांचा सेट, किंवा ज्यांतून भाषणें व गाणीं ऐकूं येतात तो रेडिओ सेट, येथें ‘सेट’ हें नाम आहे. समूह या अर्थाचा हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत आला, आणि फ्रेंचांनीं तो लॅटिन ‘सेक्ता’ म्हणजे अनुयायांचा मेळा या शब्दावरून घेतला. पंथवाचक ‘सेक्ट’ हा शब्द त्याचाच सख्खा भाऊ. त्याच्या मुळाशीं असलेला लॅटिन धातु अनुसरणें या अर्थाचा असून तो संस्कृत ‘सच्’ या धातूचा सोयरा आहे. सद् धातूशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. तथापि उच्चार सारखा पडल्यामुळें लोकांनीं दोघांना एकाच घरचें मानलें, आणि नीट मांडून ठेवलेला संच तो ‘सेट’ अशी समजूत रुजली. चार-पांच शतकें एकत्र राहिल्यावर आतां त्यांची वांटणी करणें कोशकारालाहि कठीण जातें.

असा हा पसारा कोशांत कसा मांडावयाचा, हा प्रश्न सॅम्युअल जॉन्सन याला प्रथम जाणवला. त्याचा सुप्रसिद्ध कोश १७५५ साली बाहेर पडला. प्रस्तावनेंत त्यानें अशा लहान क्रियापदांची यादीच दिली असून, यांचे अर्थ इतके सैल आणि इतके सर्वत्र पसरलेले आहेत कीं त्यांना शब्दांच्या जाळ्यांत धरणें अशक्यप्राय आहे अशी कबुली दिली आहे. त्या यादींत ‘सेट’ आहे, ‘रन’ आहे, ‘पुट’ आहे आणि ‘टेक’हि आहे. एकट्या ‘टेक’चे अर्थ सांगतांना जॉन्सनला १३४ कलमें करावीं लागलीं.

जॉन्सनच्या नंतर एक शतकानें, १८५७ साली, लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीनें चालू कोशांतील उणिवांचा विचार आरंभिला आणि त्यांतून नव्या कोशाची योजना पुढें आली. प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ प्रथम केव्हां दिसला आणि पुढें कसा बदलला, हें लिखित उताऱ्यांच्या पुराव्यानें सिद्ध करावयाचें, असा या कोशाचा बाणा होता. १८७९ साली संपादनाचें काम जेम्स मरे याच्याकडे आलें. मरे हा स्कॉटलंडमधील एका शिंप्याचा मुलगा. चौदाव्या वर्षीं त्याची शाळा सुटली, आणि पुढील विद्या त्यानें स्वतःच्या मेहनतीनें मिळविली. करार दहा वर्षांचा होता, परंतु पांच वर्षांनीं पहिला भाग प्रसिद्ध झाला तेव्हां गाडी ‘ए’ अक्षरांतच, ‘अँट’ म्हणजे मुंगी या शब्दापर्यंत पोंचली होती.

कोशासाठीं हजारों वाचक ग्रंथ वाचून उतारे चिठ्ठ्यांवर लिहून पाठवीत. जमलेल्या चिठ्ठ्यांची संख्या ५० लाखांच्या घरांत गेली. परंतु मरेला या चिठ्ठ्यांत एक विलक्षण दोष आढळून आला. वाचकांनीं विचित्र आणि दुर्मिळ शब्द अगत्यानें टिपले होते, आणि रोजचे शब्द तसेच सोडून दिले होते. ‘अब्यूजन’ या जवळजवळ मृत शब्दाच्या सुमारें ५० चिठ्ठ्या आल्या. सर्वांच्या तोंडीं असलेल्या ‘अब्यूज’च्या पांचहि आल्या नाहींत. नेहमींच्या शब्दांत टिपण्यासारखें कांहीं आहे असें कोणाला वाटलेंच नव्हतें. घरांत ज्याच्यावांचून एक दिवस निभत नाहीं, त्याची विचारपूस मात्र कोणी करीत नाहीं, तसाच हा प्रकार झाला. मरेला पुनः पुनः विनवण्या करून साध्या शब्दांचे उतारे मागवावे लागले.

‘सेट’ हें क्रियापद मरेच्या वांट्यास आलें नाहीं. ‘एस’ अक्षराचा आरंभीचा भाग हेन्री ब्रॅडली याच्याकडे होता. १८४५ साली मँचेस्टर येथें जन्मलेल्या ब्रॅडलीनें सुमारें वीस वर्षें शेफिल्डमधील सुऱ्या-कात्र्यांच्या एका व्यापारी पेढींत कारकुनी केली, आणि फावल्या वेळांत एकामागून एक भाषा आत्मसात केल्या. कोशाच्या पहिल्या भागाचें त्यानें १८८४ साली लिहिलेलें परीक्षण इतकें मार्मिक होतें कीं मरेनें त्याची योग्यता ओळखली, आणि ब्रॅडली प्रथम कोशाचा साहाय्यक व पुढें मरेच्या बरोबरीचा संपादक झाला. या माजी कारकुनानें ‘सेट’च्या चिठ्ठ्यांचा ढीग निवडून त्यांची वर्गवारी केली. मुख्य विभागच १५४ झाले. त्यांतील अखेरचा विभाग ‘सेट अप’ या जोडक्रियापदाचा. त्याचे पोटविभाग अक्षरांनीं दाखवितां दाखवितां सारी वर्णमाला संपली आणि ती पुनः पहिल्यापासून दुहेरी करून वापरावी लागली.

मरे १९१५ साली वारला, ब्रॅडली १९२३ साली. १९२८ साली कोश पुरा झाला तेव्हां त्या दोघांपैकीं कोणीहि तो पाहावयास उरला नव्हता. चार लाख चौदा हजारांहून अधिक शब्द आणि अठरा लाखांहून अधिक अवतरणें, असा त्याचा विस्तार होता.

१९८९ साली या कोशाची २० खंडांची दुसरी आवृत्ति निघाली. तींत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदलेले असून त्यांच्या विवरणास सुमारें ६०,००० शब्द लागले आहेत. म्हणजे एका क्रियापदानें एका लहान कादंबरीएवढी जागा व्यापली. इंग्रजींतील सर्वांत बह्वर्थी शब्द असा त्याचा लौकिक झाला. पुढें तिसऱ्या आवृत्तीसाठीं शब्दांची फेरतपासणी सुरू झाली, आणि २०११ साली असें जाहीर झालें कीं, धांवणें या अर्थाच्या ‘रन’ या क्रियापदाचे अर्थ ६४५ भरले. तेथून पुढें पहिल्या मानाचा उल्लेख ‘रन’च्या नांवानें होऊं लागला.

या बदलाचें कारण उघड दिसतें, असें अनेकांनीं म्हटलें आहे. ‘सेट’ हा हातकामाच्या युगाचा शब्द. ‘रन’ हा यंत्रयुगाचा. यंत्रें आलीं, आगगाड्या आल्या, कारखाने, कंपन्या आणि शेवटीं संगणक आले, आणि हें सर्व ‘रन’ होऊं लागलें. या म्हणण्यांत तथ्य आहे; परंतु तें बेतानें घेतलें पाहिजे. ४३० हा आंकडा मुख्यतः ब्रॅडलीच्या जुन्या वर्गवारीवर उभा आहे, तर ६४५ हा आंकडा नव्या पद्धतीच्या बारीक मोजणीचा आहे. दोन वेगळ्या मापांनीं मोजलेल्या धान्याच्या राशींची तुलना करण्यासारखाच हा प्रकार होय. शिवाय अर्थ हे मणी नव्हेत कीं कोणीहि मोजले तरी तितकेच भरावे. हाड बसविणें आणि खडा बसविणें हे एक अर्थ कीं दोन, हें कोशकार ठरवितो. बोलणाऱ्याला तो भेद जाणवतहि नाहीं.

मग आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर काय? ‘सेट’ हा एक शब्द कीं शेंकडों? समूहवाचक नामाचा दत्तक वंश बाजूस ठेवला, तर इतिहास असें दाखवितो कीं, शब्द एकच आहे. त्याला भेटलेलीं माणसें आणि वस्तु अनेक आहेत. सूर्य, हाड, शीड, खिळा, गिलावा आणि किंमत यांच्या संगतीनें त्यानें निरनिराळे रंग घेतले. नुसत्या ‘सेट’चा अर्थ पाठ करूं जाणारा म्हणूनच फसतो, तो शब्द कोणाच्या जोडीनें आला आहे हें पाहणारा सहसा फसत नाहीं.

हा केवळ विद्वानांचा खेळ नाहीं, हें परभाषा शिकणाऱ्यांच्या अनुभवावरून कळतें. १९३० साली सी. के. ऑग्डेन यानें जगांतील लोकांसाठीं ‘बेसिक इंग्लिश’ नांवाची सोपी इंग्रजी योजिली. तींत शब्द अवघे ८५०, आणि क्रियापदें तर १८च! योजना आकर्षक होती. परंतु क्रियापदें कमी केल्यानें क्रिया कमी होत नाहींत. ‘पुट’, ‘टेक’, ‘गेट’ अशा थोड्या क्रियापदांना ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ असे लहान शब्द जोडून सारा व्यवहार भागवावयाचा, आणि नेमके हेच जोड परकीयाला सर्वांत दुर्बोध होतात. शब्दांची यादी आंखूड झाली. अर्थांची यादी होती तेवढीच राहिली. ज्यांना इंग्रजी ही मातृभाषा नव्हती, अशा हिंदुस्थानांतील शिक्षितांचा अनुभवहि असाच होता. न्यायालयांतील लांबलचक मसुदा बिनचूक लिहिणारा वकील साध्या बोलण्यांतील ‘सेट’ आणि ‘गेट’पुढें अडखळत असे, कारण मोठे शब्द पुस्तकांतून येतात, आणि लहान शब्द त्या लोकांच्या घरांत, बाजारांत व कारखान्यांत वावरल्यावांचून कळत नाहींत.

मराठी कोशकारांनींहि आपल्या परीनें या अडचणीशीं झुंज दिली आहे. मोल्सवर्थ याचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली निघाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ साली, म्हणजे लंडनांत नव्या कोशाचा विचार सुरू झाला त्याच वर्षीं, प्रसिद्ध झाली. दाते आणि कर्वे यांनीं संपादिलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळांत सात खंडांत बाहेर पडला. बसणें, लावणें, घालणें, मारणें, काढणें या क्रियापदांचीं पानें कोणी सवडीनें चाळून पाहावीं. शेतकरी, सुतार, सोनार, वाणी, गृहिणी आणि शिपाई यांचीं कामें तेथें एकाखालीं एक मांडलेलीं दिसतील. राजे आणि लढाया यांचा इतिहास बखरींत सांपडतो. रोज राबणाऱ्या माणसांचा इतिहास बराचसा या क्रियापदांच्या पोटीं सांठविलेला आहे.

‘सेट’च्या कुळांतील एक शब्द तर आज मराठी घरांत मुक्कामालाच आला आहे. मुलगा नोकरींत ‘सेटल’ झाला, मुलगी परदेशीं ‘सेटल’ झाली, असें आईबाप समाधानानें सांगतात. हा ‘सेटल’ शब्द आंग्लसाक्सन ‘सेत्ल’ म्हणजे आसन या शब्दावरूनच आला. ज्या आसनावर सायंकाळीं सूर्य जाऊन बसत असे, तेंच हें आसन. आणि त्याचा धातु तोच, ज्यापासून ‘सदन’ झालें आणि ‘नीड’ झालें. पांखरानें हिंडून फिरून शेवटीं कोठेंतरी बसावें, ही इच्छा त्या धातूबरोबर हजारों वर्षें चालत आली आहे, आणि मुलांची काळजी वाहणाऱ्या आईबापांच्या तोंडीं ती अजूनहि त्याच धातूच्या रूपानें येते.